दगड कुठं पडला?

तळेगाव दाभाड्याच्या तळ्यात कुणीतरी दगड टाकला. तुम्हाला दिसल्या फक्त काठावरच्या लाटा. दगड नेमका कुठं पडला, सांगाल?

मेंदूच्या डॉक्टरांपुढं असंच कोडं असतं. डोक्याला चकत्या चिकटवून मेंदूतली वीज टिपतात, तो ईईजी. माणसाचा पहिला ईईजी जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली काढला. वीज इवलीशी, त्यात कवटीतून येताना ती पसरते! शिवाय हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच दाखवलं होतं, की आतल्या निरनिराळ्या जागांची वीज बाहेर अगदी सारखीच दिसू शकते. म्हणून एमआरआयचं चित्र जोडीला घेऊन संगणक जागेचा अंदाज बांधतो.

एवढी खटपट कशाला? काही मुलांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत. त्या मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून निघत असतील, तर कधीकधी शस्त्रक्रियेनं थांबवता येतात. पण कोपरा अचूक सापडायला हवा. शेजारीच बोलण्याचं केंद्र असू शकतं!