एकखांबी तंबूतला सिनेमा

मांडव्याचे नाव काढले की मुंबईकराला प्रथम आठवतो तो 'अग्निपथ'. १९९० सालच्या त्या चित्रपटातला विजय दीनानाथ चौहान आपल्या गावाचे नाव असे काही रुबाबात सांगे, की ज्यांनी मांडव्याचा धक्का जन्मात पाहिला नव्हता त्यांनाही तो ओळखीचा वाटू लागला. पुढे २०१२ साली तोच चित्रपट नव्याने निघाला, तेव्हा पडद्यावरचा मांडवा उभारला गेला तो दीवमध्ये!

खऱ्या मांडव्याला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. एक माणूस, एक जुने भिंग आणि एक मोकळी सकाळ एवढ्या भांडवलावर तिथे चित्रपट निघतो. मी काढला आहे. तीन मिनिटांचा. लेखक मी, दिग्दर्शक मी, कॅमेरामन मी, आणि वाळूतून चालत येणारा नायकही मीच. कथानक आधी लिहायचे नाही. किनारा जे दाखवील ते टिपायचे, एवढाच नियम. आमच्या घरात या कंपनीला 'एकखांबी तंबू' असे नाव पडले आहे.

काकांची पेटी

मांडव्याला माझी आत्या राहते. गेल्या दिवाळीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात तिच्याकडे पोहोचलो. २०२० साली ही बोट सुरू झाल्यापासून मोटारसुद्धा समुद्रावरून नेता येते. नाहीतर पेण-वडखळचा शंभर किलोमीटरांहून लांब वळसा! माळा आवरताना काकांची चामड्याची पेटी हाती लागली. आत 'झेनिट' नावाचा रशियन कॅमेरा. काकांना जाऊन बारा वर्षे झाली. कॅमेऱ्याचे शटर अडकून बसले होते, पण पुढचे भिंग फिरत होते. त्यावर कोरलेले होते : हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर.

"ने बाबा," आत्या म्हणाली, "इथे पडून कुजतंय."

जर्मनीच्या झाइस कंपनीच्या 'बायोटार' भिंगावरून रशियनांनी हे बेतले आणि लाखांनी तयार केले. आता तुम्ही विचाराल, जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला बसते कसे? गोष्ट साधी आहे. प्रत्येक भिंग फिल्मपासून ठराविक अंतरावर असावे लागते, तरच चित्र स्पष्ट पडते. हेलिओसचे हे अंतर सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर. कारण जुन्या कॅमेऱ्यात मध्ये हलता आरसा असे. आजच्या बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत ते बहुधा १६ ते २० मिलिमीटरच असते. उरलेली जागा भरून काढणारी धातूची पोकळ कडी, म्हणजे अ‍ॅडाप्टर, मध्ये बसवली आणि भिंगाचे आटे फिरवले की झाले काम. हजार-दोन हजार रुपयांत ही कडी मिळते.

काठी आणि भरती

नवे भिंग आपण होऊन फोकस साधते. हे म्हातारे मात्र हाताने फिरवावे लागते. एकट्याची पंचाईत होते ती इथेच. मी कॅमेऱ्यापुढे उभा, मग फोकस करणार कोण?

उपाय सापडला तो काठीचा. जिथे आपण उभे राहणार तिथे वाळूत काठी रोवायची, मागे येऊन तिच्यावर फोकस बांधायचा, मग काठी उपटून तिच्या जागी स्वतः उभे राहायचे. भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवले, म्हणजे एफ २ वर, तर तीन मीटरांवर जेमतेम फूटभर पट्टा स्पष्ट येतो. एक पाऊल पुढे पडले की नायक पुसट! तोंड बारीक करून एफ ८ वर आणले की तोच पट्टा सव्वा मीटरच्या आसपास होतो आणि नायकाला हातपाय हलवता येतात. मात्र पार्श्वभूमीवरची सुरूची झाडे गरगरल्यासारखी दिसतात ही हेलिओसची खास करामत उघड्या तोंडीच साधते. तेव्हा चालायचे असेल तर एफ ८, बसायचे असेल तर एफ २, असा मी कायदा केला. भर उन्हात उघड्या तोंडाने चित्र घ्यायचे तर भिंगालाही काळा चष्मा, म्हणजे काळसर फिल्टर, चढवावा लागतो.

पहिल्या दिवशी हे सारे जमले. भरतीचे भान तेवढे राहिले नाही. मी खडकावर विचारमग्न बसलो होतो आणि तिपाईचे पाय पाण्यात गेले होते. नायकाने धावत जाऊन कॅमेरामनची अब्रू वाचवली. ती धावाधाव चित्रपटात आहे, आणि घरच्यांना नेमकी तीच आवडली.

हे वेड जुनेच

हा नवा छंद आहे असे समजू नका. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात अशाच हौशी माणसांनी केली. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंची हलती चित्रे झळकली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, या फोटोग्राफरांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

दादासाहेब फाळक्यांची कथा तर याहून जवळची. येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. रात्रंदिवस अभ्यास करता करता डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत महिनाभर त्याची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो मिनिटभराचा चित्रपट. तो पाहून पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात झळकला. एका वाटाण्याच्या जिवावर!

समईभोवतीचे वलय

माझ्या चित्रपटाचा शेवट मी आत्याच्या देवघरात घेतला. समईच्या ज्योतीवर भिंग रोखले, तर ज्योतीभोवती दुधाळ वलय. कारण उघड होते. चामड्याची पेटी ओल धरते, आणि कोकणच्या दमट हवेत भिंगाच्या काचांमध्ये बुरशीचे जाळे वाढते. साधे चित्र फारसे बिघडत नाही, पण दिवा समोर आला की धुके पसरते. (तुमच्या घरी असे भिंग असेल तर चामड्याच्या पेटीतून आजच काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.)

रात्री सर्वांना चित्रपट दाखवला. समईपाशी मी ओशाळून म्हणालो, "हे जरा बिघडलंय."

"बिघडलंय कुठे?" आत्या म्हणाली. "समईभोवती असंच तर दिसतं हल्ली. तेल बदललंय म्हणून असेल."

आम्ही हसलो, आणि एकदम गप्प झालो.

चौकशीअंती कळले की पोथी वाचणे तिने चातुर्मासातच सोडले होते. सुई ओवायला ती शेजारच्या मुलीला हाक मारी. फोनवर मात्र दर आठवड्याला "मी अगदी ठणठणीत आहे!" डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रियेचे नाव काढताच आत्याने पदर तोंडाला लावला. डोळ्यात भिंग बसवतात, ही कल्पनाच तिला सहन होईना.

शेवटी मी हेलिओस तिच्या हातात दिले. म्हटले, "आत्या, हे असं गढूळ झालेलं भिंग काढतात आणि त्याच जागी स्वच्छ बसवतात. एवढंच." फाळक्यांचे डोळे परत आल्याची गोष्टही सांगितली. तिने भिंग उलटसुलट करून पाहिले.

"मग ती कडी पण लागेल का रे?"

मार्गशीर्षात एक डोळा झाला, पौषात दुसरा. मधल्या काळात मीही हेलिओस मुंबईला दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घेतले. बुरशी गेली, काचेच्या लेपावर फिकट डाग राहिला, तो राहणारच.

माघात दुसरा चित्रपट काढला. संध्याकाळी काठी रोवून फोकस बांधला, कॅमेरा सुरू केला आणि आत्याला म्हटले, काठीच्या जागी उभी राहा. ती थांबली कुठे? तशीच पाण्याच्या दिशेने चालत गेली. समोर खाडीपलीकडे मुंबई उजळत होती.

"अरे, तिकडे एवढे दिवे कधी लागले?"

तो प्रसंग चित्रपटात आहे, पण सपशेल पुसट. फोकस काठीवर, आत्या दहा पावले पुढे, आणि भिंग फिरवायला दुसरा माणूस नाही. मी तो कापला नाही.

चित्रपट पाहून झाल्यावर आत्याने नवा चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "माझं झालं. आता तुझ्या भिंगाचं ऑपरेशन कर!"