तीन सिलिंडरांपैकी एक: जुन्या ट्रॅक्टरच्या एंजिनाचे दोषनिदान

पावसाने चार दिवस उघडीप दिली, जमिनीला वाफसा आला आणि पेरणीची घाई सुरू झाली, की नेमका त्याच वेळी जुना ट्रॅक्टर तक्रार करू लागतो. हा अनुभव अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. एंजिन सुरू होते, परंतु त्याची लय बिघडलेली असते. चालकाच्या हातातील चाक थरथरते, धुराचा रंग पालटतो आणि नांगर जमिनीत उतरताच यंत्राचा जोर सरतो. "एंजिन मिस मारते आहे," असे कारागीर सांगतो आणि पुष्कळदा पुढचा सल्ला "एंजिन खोलावे लागेल" असा असतो. एंजिन खोलण्यात दिवस जातात, पैसा जातो आणि वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. वस्तुतः दोष अनेकदा एखाद्या ढिल्या जोडात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये दडलेला असतो. एंजिन न खोलता तो कसा शोधावा, हे येथे पाहावयाचे आहे.

उदाहरणादाखल मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरावर बसविले जाणारे पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे डिझेल एंजिन घेऊ. त्याचे घनफळ १५२ घन इंच, म्हणजे सुमारे अडीच लिटर. ज्यांत इंधनाचे नियंत्रण विजेच्या साधनांनी होत नाही, अशा इतर जुन्या डिझेल ट्रॅक्टरांनाही पुढील विवेचन बव्हंशी लागू पडते.

ठिणगीवाचून ज्वलन

पेट्रोलच्या एंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी लागते. डिझेल एंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनाचे तत्त्व असे, की हवा पुरेशी दाबली तर ती आपोआपच इतकी तापते, की तिच्यात सोडलेले इंधन स्वतःच पेट घेते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले व दांडा जोराने ढकलला, तर पंप गरम लागतो. तोच हा परिणाम होय. ट्रॅक्टरच्या सिलिंडरात दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शात कोंबतो आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा आत येतो व पेटतो.

हा फवारा किती थोडा असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या चक्रामुळे प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला १,००० वेळा इंधन येते. तीन सिलिंडर मिळून ताशी १,८०,००० फवारे झाले. तासाला सहा लिटर डिझेल खर्च होत असेल, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला ३३ घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम थेंब दीड थेंब डिझेल येते. इतक्या अल्प मापात हवेचा एक बुडबुडा किंवा पाण्याचा अंश शिरला, तर लय का बिघडते हे सहज ध्यानात येईल.

तीन सिलिंडरांच्या एंजिनात दर २४० अंशांच्या फेऱ्यागणिक भुजादंडाला एक धक्का मिळतो. एक सिलिंडर निकामी झाला, की दोन धक्क्यांमध्ये ४८० अंशांची पोकळी पडते. हीच ती थरथर. शिवाय निकामी सिलिंडराच्या घर्षणाचा भार उरलेल्या दोघांना वाहावा लागतो. म्हणून शक्ती केवळ तृतीयांशाने नव्हे, तर त्याहूनही अधिक घटते.

पहिला प्रश्न: दोष सर्वांचा की एकाचा?

डिझेल एंजिनाला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, योग्य वेळी योग्य प्रमाणात इंधन आणि पुरेसा दाब. यांपैकी हवेचा फिल्टर, टाकी, डिझेलचा फिल्टर व पंप ही साधने सर्व सिलिंडरांना सामाईक आहेत. उलट इंजेक्टर, त्याची नळी, झडपा व दट्ट्याची कडी ही ज्याची त्याला स्वतंत्र असतात. लय अनियमितपणे बिघडत असेल, एंजिन कधी चढत व कधी पडत असेल, तर सामाईक भागांवर संशय घ्यावा. ठोके ठराविक अंतराने चुकत असतील, तर एखादाच सिलिंडर दोषी असण्याचा संभव अधिक.

धूरही साक्ष देतो. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी, अथवा फवारा बिघडलेला. एंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे.

सामाईक भागांची तपासणी

प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. जुन्या ट्रॅक्टरांत त्याच्या तळाशी तेलाची वाटी असते. तीत गाळ साचला असेल, तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. त्यानंतर टाकीचे झाकण किंचित ढिले करावे. तेवढ्याने एंजिन सुधारले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. टाकीत हवा शिरली नाही, तर डिझेलही बाहेर वाहत नाही.

मग फिल्टरखालील वाटीत पाणी वा गाळ आहे का ते पाहावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते. टाकी व फीड पंप यांच्यामधील जोड आवळून घ्यावेत. तेथे पंपाचे शोषण असते. त्यामुळे ढिल्या जोडातून डिझेल बाहेर न गळता हवाच आत ओढली जाणे शक्य असते आणि दोष डोळ्यांना दिसत नाही. शेवटी हवा काढावी. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून हातपंप चालवावा व बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागताच तो आवळावा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने पंपावरील स्क्रूंचेही असेच करावे.

दोषी सिलिंडर ओळखण्याची कसोटी

एवढे करूनही ठोके चुकत राहिले, तर प्रत्येक सिलिंडराची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. ट्रॅक्टर उघड्यावर उभा करून ब्रेक लावावा, गिअर मोकळा ठेवावा आणि एंजिन मंद गतीने चालू द्यावे. पहिल्या इंजेक्टरच्या नळीची चकी कापडाने वेढून पान्याने अर्धा फेरा सैल करावी. त्या सिलिंडराचे इंधन आता बाहेर झिरपेल. एंजिनाचा आवाज पालटून ते अधिक अडखळू लागले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच स्वस्थ बसला होता! चकी आवळून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडराचीही अशीच परीक्षा घ्यावी.

येथे एक इशारा गंभीरपणे ध्यानात ठेवावा. नोझल उघडते ते सुमारे पावणेदोनशे वातावरणांच्या दाबाला. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. वर सुईच्या टोचणीएवढीच खूण दिसते, परंतु आतील मांस नासते व प्रसंगी बोट वा हात गमवावा लागतो. म्हणून नळी गळते का, हे बोटाने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे. डोळ्यांवर चष्मा असावा आणि तापलेल्या धूर-नळीवर डिझेल सांडू देऊ नये. चुकून अशी इजा झालीच, तर दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. आधुनिक 'कॉमन रेल' एंजिनांत हा दाब हजार वातावरणांहूनही अधिक असतो. त्यांवर ही कसोटी मुळीच करू नये.

अदलाबदलीचा न्याय

दोषी सिलिंडर सापडला, पण त्यात इंजेक्टर वाईट की सिलिंडरच? एंजिन थांबवून, भोवतालची धूळ पुसून, दोषी सिलिंडराचा इंजेक्टर शेजारच्या निरोगी सिलिंडरात व त्याचा याच्यात बसवावा. तांब्याचे वॉशर नवे घालावे. नंतर वरील कसोटी पुन्हा करावी. दोष इंजेक्टराबरोबर शेजारी गेला, तर इंजेक्टर दुरुस्तीस पाठवावा. दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर निर्दोष ठरला.

मग टॅपेटचे अंतर फिलर गेजने मोजावे. हे अंतर नाहीसे झाले असेल, तर झडप पुरती मिटत नाही, दाबलेली हवा निसटते आणि डिझेल पेटण्याइतकी उष्णता उत्पन्नच होत नाही. पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे अंतर जुळविणे हे तासाभराचे काम आहे. तरीही गुण आला नाही, तर कारागिराकडून दाब मोजून घ्यावा. तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे फुत्कार येत असतील, तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या असाव्यात. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठत असतील, तर हेड गॅस्केट गेले असावे. मात्र रेडिएटरचे झाकण एंजिन थंड असतानाच काढावे. एंजिन खोलण्याची वेळ येते ती आता, आणि तेव्हाही काय पाहावयाचे हे आधीच ठाऊक असते.

सामाईक कारणे प्रथम वेगळी काढावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर परिणाम पाहावा: या सर्व खटाटोपातील रीत एवढीच आहे. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ याच रीतीने निसर्गाला प्रश्न विचारतो. जो शेतकरी तीन चक्या क्रमाने सैल करून कान देतो, तोही शास्त्रीय प्रयोगच करीत असतो. आणि त्याच्या प्रयोगाचे उत्तर त्याच दिवशी, वाफसा जाण्यापूर्वी, शेतात मिळते.