तानसाच्या रानांतील पिंगळा

सिंह-जिराफ पाहत पायीं हिंडण्यासाठीं आफ्रिकेस जाणें सर्वांसच साधत नाहीं. आम्ही शहापूरजवळील तानसा अभयारण्यांत हिंडतों, तें एका वीतभर घुबडासाठीं. १८८४ नंतर रानपिंगळा नामशेष झाला, असें पक्षितज्ज्ञ मानीत. ११३ वर्षांनीं, १९९७ सालीं, तो शहाद्याजवळ आढळला. पुढें २०१४ सालीं तानसांतही. हा दिवसां शिकार करितो, म्हणून सकाळीं फिरतांनाही त्याचें दर्शन संभवतें. सागवनांतील जुन्या वृक्षांच्या ढोल्या हेंच त्याचें घर. पोकळ म्हणून निरुपयोगी ठरविलेला वृक्ष तोडला कीं त्याचा संसार उठतो. वाचकहो, घुबडास अपशकुनी मानण्याची रूढि सोडून मुलांस तेथें न्यावें, आणि दुरूनच, अगदीं निःशब्दपणें, रानाचा हा जुना रहिवासी दाखवावा.