मासवडी, नातवंडं आणि पत्र्याच्या डब्यातला कागद

मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंचं घर भरलेलं असतं. थोरला मुलगा भोसरीला, मुलगी तळेगावला दिलेली. धाकटा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन काकूंजवळच असते, चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनला कामाला जाते. सुट्टीला सगळी नातवंडं जमली की काकू मासवडी करतात.

बेसन हाटायचं काम काकूंचं, कारण ते उडतं आणि भाजतं. ओलं फडकं पसरून त्यावर तीळ, खोबरं, कोथिंबीर भुरभुरायची ती धाकट्यांनी. त्यावर बेसन थापायचं, मध्ये सुकं खोबरं, तीळ, परतलेला कांदा आणि लसूण यांचं सारण घालायचं, फडक्यानेच गुंडाळी करून दोन्ही अंगांनी दाबायचं. नववीतली नात म्हणाली, "आजी, बेसन किती?" काकू म्हणाल्या, "हाताला येईल तेवढं." तिला काही ते पटेना. तिने आजीच्या मुठीतलं बेसन वाटीत ओतून मोजलं आणि लिहायला कागद शोधायला पत्र्याचा डबा उघडला. त्यात काकूंचं जुनं मृत्युपत्र होतं. पोरीने ते वाचलं आणि विचारलं, "आजी, बाबांना लिहिलेला सडकेकडचा गट तर कंपन्यांत गेला ना?"

पोरीच्या या प्रश्नाचाच उलगडा आज करायचा आहे.

आधी हे सांगते की काकूंच्या नावावर जमीन आली कशी. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली, चाकणचं कांद्याचं आंदोलन तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचा मोठा मेळावा झाला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली : नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा. काकूंचे यजमान संघटनेतले. त्यांनी दोन गट काकूंच्या नावे केले. त्या गटांच्या काकू पूर्ण मालक.

जुन्या मृत्युपत्रात काकूंनी लिहिलं होतं : सडकेकडचा गट धाकट्याला, विहिरीकडचा गट आणि घर थोरल्याला. मुलीचं नावच नाही, "तिचं लग्नात केलं" म्हणून. पुढे सडकेकडचा गट एमआयडीसीत गेला. मोबदला बँकेत ठेवला, नॉमिनी थोरला. मग धाकटा वारला. कागद मात्र डब्यात तसाच राहिला.

जो गट आता काकूंचा नाही, त्याबद्दलच्या ओळीला अर्थ उरत नाही. जमिनीच्या बदल्यात आलेला पैसाही त्या ओळीने आपोआप धाकट्याच्या घराला मिळत नाही. म्हणजे बँकेतल्या पैशाबद्दल मृत्युपत्र गप्प आहे, आणि जिथे मृत्युपत्र गप्प तिथे १९५६ चा हिंदू वारसा कायदा बोलतो. त्याप्रमाणे बाईच्या मागे तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. मुलगा आधी वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना. मैत्रिणींनो, त्या यादीत विधवा सून नाही! सासऱ्याच्या मालमत्तेत ती वारस आहे, सासूच्या मालमत्तेत नाही. काकूंना रात्री औषध देते कोण, तर तीच. तिला काही द्यायचं तर काकूंनी ते लिहूनच ठेवलं पाहिजे. हे ऐकून काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुसरी गफलत नॉमिनीची. थोरल्याला वाटत होतं, पैसे आपले. तसं नसतं. बँकेचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसांप्रमाणे द्यायचे असतात. म्हणून नॉमिनीचं नावही तपासायचं.

तिकडे पिंपरी-चिंचवडला प्राधिकरणात जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के परताव्याची वाट बघता बघता वर्षानुवर्षं लोटली, कित्येक मूळ मालक तोवर गेले. तुमचं असं काही येणं बाकी असेल तर "पुढे मिळणारा मोबदला किंवा परतावा" हे शब्द मृत्युपत्रात घालायला विसरू नका.

नवं मृत्युपत्र अवघड नाही. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनीही तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, नंतर तंटा होतो. साक्षीदार वयाने लहान असलेले बरे. "याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द" ही ओळ आणि तारीख हवीच. नातवंडं अज्ञान असतील तर त्यांचा वाटा कोण सांभाळील ते लिहा. वाचता येत नसेल तर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून घ्या आणि तसं वाचून दाखवल्याचं खाली लिहायला लावा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली चांगली. वडिलोपार्जित, वाटप न झालेल्या जमिनीत मात्र फक्त आपला हिस्साच देता येतो, सगळा गट नाही.

हे सारं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख भगिनींसाठी. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वेगळं विचारावं. विचारायचं कुठे? खेड तालुक्यातल्यांनी राजगुरुनगरला कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे. बाईला कायद्याची मदत फुकट मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो.

नातीकडून सातबारा आणि पासबुक वाचून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुणाला किती द्यायचं ते पोरांच्या पुढ्यात बोलू नये, आणि कुणा एका मुलाच्या घरी बसून तर नाहीच. काकूंनी वकिलाकडे जाताना कुणालाच बरोबर नेलं नाही. आता मुलीचं नाव आहे, सुनेचंही आहे. वाटे किती ते मलाही ठाऊक नाही.

बेसन दोन वाट्या निघालं. नातीने वहीत तसं लिहिलंय, शेजारी आजीच्या हाताची मूठ काढून.