मानसशास्त्र सांगते, पण किती वेळा तपासून?

सडक अर्जुनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला कुणी धानाचे नवे वाण दिले, तर तो पहिल्याच वर्षी सगळ्या बांध्यांत त्याची रोवणी करत नाही. एका बांधीत लावून बघतो. पीक चांगले आले तरी विचारतो, हे वाणामुळे आले की यंदाच्या पावसामुळे? शेजाऱ्याकडेही तसेच आले का? माझी जमीन हलक्या धानाची, हे वाण भारी धानाचे तर नाही? दोन-तीन हंगाम गेल्यावरच त्याचा भरवसा बसतो.

मुलांच्या बाबतीत मात्र आपण इतके थांबत नाही. ‘मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ एवढे शब्द मोबाइलवर वाचले किंवा एखाद्या शिबिरात ऐकले, की घरातल्या मुलाकडे आपण त्याच नजरेने पाहू लागतो. हा हट्टी आहे, म्हणजे आयुष्यात मागे पडणार. हिचे डोके गणिताचे नाही, म्हणजे सायन्स नको. अशा एका वाक्यावर मुलाची, आणि बहुतेकदा मुलीची, वाट बदलते. म्हणून हे निष्कर्ष कसे निघतात आणि त्यांतले किती टिकतात, हे अम्मी-अब्बूंनी समजून घ्यायला हवे.

मिठाईची परीक्षा

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी 1960 नंतरच्या दशकात लहान मुलांवर एक प्रयोग सुरू केला. मुलासमोर मार्शमेलोसारखी मिठाई ठेवायची आणि सांगायचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील.’ पुढे हीच मुले मोठी झाल्यावर पाहिले, तर जी जास्त वेळ थांबली होती ती अभ्यासातही पुढे दिसली. ‘संयमी मूल यशस्वी होते’ हा निष्कर्ष जगभर पसरला. पण ही मुले विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली, बहुतेक सुशिक्षित घरांतली होती आणि संख्येनेही थोडी होती.

2018 मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला. यात कमी शिकलेल्या आयांची मुलेही मोठ्या संख्येने होती. थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध आधीच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशेबात धरल्यावर तर उरलेल्यातलाही बराच भाग गळाला. म्हणजे ज्याला आपण मुलाचा स्वभाव समजत होतो, त्यात घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा होता.

शंभर अभ्यास, पुन्हा एकदा

हे एकट्या मिठाईचे प्रकरण नाही. 2015 मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या संशोधकांनी मानसशास्त्रातले 100 प्रकाशित अभ्यास नव्याने करून पाहिले. मूळच्या 97 टक्के अभ्यासांत ठळक परिणाम नोंदवला होता. पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच दिसला.

याचा अर्थ बाकीचे सगळे खोटे बोलत होते, असा नाही. माणसे थोडी घेतली तर योगायोगही नियमासारखा भासतो. शिवाय ‘काही सापडले नाही’ असा अभ्यास नियतकालिके सहसा छापत नाहीत. सापडलेलेच छापून येते आणि तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचते.

पुण्यातली कसोटी

दावा प्रामाणिकपणे कसा तपासावा, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2008 मध्ये पुण्यात शास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांसमोर एक कसोटी ठेवली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 देऊन विचारले, यातले हुशार मूल कोणते ते सांगा. 27 जणांची उत्तरे आली. सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

या कसोटीत तीन गोष्टी होत्या. उत्तर आधी लपवलेले होते, संख्या पुरेशी होती, आणि निव्वळ नशिबाने किती जमले असते याच्याशी तुलना होती.

आपल्या घरात पत्रिका पाहत नाहीत. पण बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी विज्ञानाच्या नावाने येते, तेव्हा आपण हजारो रुपये मोजून अहवाल घेतो. मुलाने डॉक्टर व्हावे की व्यापार करावा, हेही त्यातून सांगितले जाते. मनोविकारतज्ज्ञांची देशव्यापी संघटना असलेल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने 2019 मध्ये जाहीर निवेदन काढून या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे.

मग भरवसा कशावर?

पुन्हा पुन्हा तपासून टिकलेल्या गोष्टीही आहेत. पाठ केलेले किती वेगाने विसरते, हे जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले. एकाच माणसावरचा प्रयोग. पण 2015 मध्ये तो नव्याने केला तेव्हाही तसाच आलेख निघाला. एका रात्रीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने उजळणी केलेले जास्त टिकते, हे तर अनेक देशांत, अनेक वयांत दिसले आहे. मदरशात हिफ्झ करणाऱ्या मुलाला नवा सबक देऊन थांबत नाहीत, मागचेही रोज ऐकतात. ती रीत याच्याशी जुळते.

चाचणी ज्या मुलांवर बेतली, त्याच मुलांना ती नीट लागू पडते. हे ओळखून वि. वि. कामत यांनी 1930 नंतर धारवाडमध्ये परदेशी बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. नुसते भाषांतर केले नाही, इथल्या मुलांना तपासून मोजपट्टी ठरवली.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘संशोधन सांगते’ म्हणाले, तर चार गोष्टी विचारा. किती माणसांवर केले? ती माणसे कोण होती? दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिले का, आणि तेच निघाले का? सांगणारा काही विकत तर नाही?

उत्तर मिळाले नाही, तर पैसे आणि निर्णय दोन्ही थांबवा. दहावीनंतरची शाखा ठरवताना मुलीने वर्षभर काय केले, कोणत्या विषयात ती स्वतःहून बसते, तिचे शिक्षक काय म्हणतात, हे पाहा. आणि तिला काय शिकायचे आहे, हे सगळ्यात आधी तिलाच विचारा.