डायलनॉर्म: डिस्कच्या आवाजामागचा आकडा

अडीच तासांचं नाटक एका थराच्या डीव्हीडीवर बसवायचं, तर पहिला हिशेब जागेचा. डिस्कवर जागा ४.७ अब्ज बाइट. आवाज अजिबात न दाबता एलपीसीएम स्वरूपात ठेवला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, तर सेकंदाला १,५३६ किलोबिट लागतात. नुसत्या आवाजातच सुमारे १.७३ अब्ज बाइट जातात आणि चित्राच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट येतात. मग रंगमंचावरच्या अंधारात चौकोन दिसू लागतात. तोच आवाज डॉल्बीच्या एसी-३ स्वरूपात १९२ किलोबिटवर आणला, की २१.६ कोटी बाइटांत भागतं आणि चित्राला जवळपास ४ मेगाबिट मिळतात.

एसी-३ मुळात चित्रपटगृहासाठी घडला. १९९२ सालच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’च्या वेळी तो ३५ मिलिमीटर फिल्मवर, कडेच्या छिद्रांमधल्या चिंचोळ्या जागेत, ३२० किलोबिटने छापलेला होता. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली, तेव्हा एनटीएससी डिस्कवर एसी-३ किंवा एलपीसीएम सक्तीचा होता. भारतासारख्या पाल पद्धतीच्या देशांसाठी आधी एमपेग किंवा एलपीसीएमची अट होती. १९९७च्या अखेरीस तिथेही एसी-३ला मान्यता मिळाली. डीटीएस हे आणखी एक ध्वनिस्वरूप मात्र ऐच्छिकच राहिलं, त्यामुळे ते एकटं ठेवून चालत नाही.

एन्कोडर उघडला की सगळ्यांचं लक्ष बिटरेटवर जातं. १९२ की २५६? की थेट ४४८, म्हणजे डीव्हीडीची कमाल मर्यादा? पण डिस्क ऐकणाऱ्याच्या कानाला जास्त फरक पडतो तो दुसऱ्याच एका आकड्याने. त्याचं नाव डायलनॉर्म.

उणे १ ते उणे ३१ यांतला हा आकडा प्लेअरच्या बाजूच्या डिकोडरला सांगतो, की या ध्वनिमुद्रणात माणसाचं बोलणं कमाल पातळीच्या किती डेसिबल खाली आहे. उणे ३१ असेल तर डिकोडर आवाजाला हात लावत नाही. उणे २७ असेल तर चार डेसिबलने खाली आणतो. उद्देश फार चांगला आहे: डिस्क कुठलीही लावा, संवाद सारख्याच पातळीवर ऐकू यावेत, रिमोट शोधावा लागू नये. मूळ आवाजाला धक्का न लावता, सोबत फक्त सूचना पाठवून हे साधलेलं आहे.

दुसरी सूचना चढउतार आवळण्याची. ‘फिल्म स्टँडर्ड’ हे प्रोफाइल संवादाच्या पातळीभोवतीचा एक पट्टा तसाच सोडतं, त्याखालचे हलके आवाज सहा डेसिबलपर्यंत उचलतं आणि वरचे दाबतं. रात्री हळू आवाजात चित्रपट बघणाऱ्याला ते सोयीचं आहे.

अडचणी सुरू होतात त्या इथून. अनेक एन्कोडरमध्ये उणे २७ आणि ‘फिल्म स्टँडर्ड’ आधीच भरलेलं असतं आणि घाईत तेच राहून जातं. त्यातून ख्यालाची मैफल एन्कोड झाली, तर आलापीतले हलके स्वर उचलले जातात, त्यांच्यासोबत सभागृहातल्या पंख्यांची घरघरही वर येते. मग तबल्याची भरदार थाप पडली की तानपुरा मागे ओढल्यासारखा वाटतो. गायकाने मेहनतीने उभा केलेला चढ असा सपाट होतो. अशा डिस्कसाठी प्रोफाइल ‘नन’च हवं. मैफल तासाभराची असेल तर दाबायची गरजच नाही: एलपीसीएमला ६९ कोटी बाइट लागतात, चित्राला ८ मेगाबिट देऊनही जागा उरते.

आवाज बारीक येतो म्हणून काही जण डायलनॉर्म उणे ३१ करतात आणि प्रोफाइल तसंच ठेवतात. बोलणं प्रत्यक्षात उणे २० वर असेल, तर एन्कोडरला सगळंच संवादाहून मोठं वाटतं आणि तो सतत दाबण्याच्याच सूचना लिहीत राहतो. मिळवलेले चार डेसिबल हातचे जातात, वर आवाज निर्जीव होतो. दुसरीकडे मेनूचं संगीत एलपीसीएममध्ये आणि कार्यक्रम उणे २७ च्या एसी-३मध्ये असला, तर मेनू अंगावर येतो आणि कार्यक्रम सुरू होताच आवाज पडतो.

उपाय आहे: संवाद खरोखर मोजायचे आणि आलेला आकडा भरायचा. डायलनॉर्म एसी-३च्या ३२ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फ्रेममध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे फाइल हातात असेपर्यंत तो पुन्हा एन्कोड न करताही दुरुस्त करता येतो. छापून झालेल्या डिस्कवर तसं करता येत नाही. नवी प्रत काढायची, तर मूळ न दाबलेलं ध्वनिमुद्रण सांभाळलेलं असावं लागतं, कारण १९२ किलोबिटवर आणताना वगळलेला तपशील एसी-३ फाइलमधून परत मिळत नाही.