फ्लाय नदीचा मुलूख: पापुआ न्यू गिनीचा पश्चिम प्रांत



पापुआ न्यू गिनीमधील आदिवासींसाठी आपण प्रार्थना करतो. त्या देशाच्या पश्चिम प्रांतात मदत पोचायला इतका वेळ का लागतो, हे तेथील भूगोल पाहिल्याशिवाय कळत नाही.

या प्रांताच्या पश्चिमेला इंडोनेशियाची सीमा आहे. दक्षिणेला टॉरेस सामुद्रधुनी असून पलीकडे ऑस्ट्रेलियाची बेटे आहेत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ एकतृतीयांश. पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाखांच्या आसपासच होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी दोन माणसे. त्याच वर्षी महाराष्ट्रात हे प्रमाण ३६५ होते.

उत्तरेचे डोंगर सोडले तर बहुतेक प्रदेश सखल, दलदलीचा. मधून सुमारे १,०५० किलोमीटर लांबीची फ्लाय नदी वाहते. किउंगा हे नदीबंदर समुद्रापासून आठशेहून अधिक किलोमीटर आत आहे, तरी त्याची उंची ५० मीटरही नाही. त्यामुळे पाणी संथ वाहते आणि पावसात दूरवर पसरते. अशा जमिनीवर रस्ते टिकत नाहीत. राजधानी पोर्ट मोर्सबीहून येथे येणारा रस्ताच नाही. होडी किंवा लहान विमान, एवढाच मार्ग. मिशन एव्हिएशन फेलोशिपची विमाने १९५१ पासून या देशात सेवा करीत आहेत.

अविन, बोआझी, सुकी, गोगोदाला, किवाई अशा अनेक जमाती येथे राहतात. प्रत्येकीची भाषा वेगळी. मुख्य अन्न सागो. सागो ताडाच्या खोडातील गाभा कुटून, पाण्यात धुऊन त्याचे पीठ काढतात. आपला साबुदाणा कसावाच्या कंदाचा असतो, पण मूळ सागो तो हाच. १९८४ मध्ये ओक टेडीची खाण सुरू झाली. तिचा गाळ नदीत सोडला गेल्याने पात्र उथळ झाले आणि काठच्या जंगलांत व सागोच्या बनांत पुराचे पाणी साचून राहू लागले. मासे घटले. नदीवर जगणाऱ्यांच्या ताटातले अन्न असे कमी झाले.

प्रांताचे मुख्य ठिकाण डारू हे एक लहान बेट आहे. उपचारासाठी खेड्यांतले लोक तेथे येतात आणि दाटीवाटीच्या वस्तीत राहतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग तेथे इतका पसरला की २०१४ मध्ये सरकारला विशेष कृतिदल नेमावे लागले. क्षयरोगाची औषधे कित्येक महिने न चुकता घ्यावी लागतात. ज्याचे गाव दवाखान्यापासून होडीने काही दिवसांच्या वाटेवर आहे, त्याने ती कशी घ्यावी? इंधन महाग, होडी मिळेलच असे नाही. औषध मध्येच थांबले की रोग अधिक चिवट होऊन परततो. म्हणून औषधाइतकेच महत्त्व ते गावापर्यंत नेणाऱ्या माणसाला आहे.

येथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. किउंगाजवळील रुमगिनाए येथील रुग्णालय स्थानिक मंडळीच चालवते. नदीकाठच्या आरोग्यसेवकांसाठी, वैमानिकांसाठी आणि उपचार पुरे होईपर्यंत घरापासून दूर राहणाऱ्या रुग्णांसाठी आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत अवश्य विनंती करावी.